अवकाशयानाचा आराखडा कशात काढावा?

वाचकांचे प्रश्न : संगणक विभाग

प्रश्न : आम्ही पाच मित्र एक रविवार सोडून मुलुंडला एकाच्या घरी जमतो आणि टेबलावर मांडायचा, अवकाशमोहिमांवरचा रोल-प्लेइंग खेळ खेळतो. खेळ चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे यानांचे नकाशेही मीच काढतो. आजवर ग्राफ पेपर आणि पेन्सिलीवर भागले. पण आता आमच्यातला एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला असून तो व्हिडिओ कॉलवरून खेळतो, त्यामुळे एकच नकाशा आमच्या टेबलावर छापील आणि त्याच्या पडद्यावर चित्ररूपात असा दोन्हीकडे लागतो. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा आहे. सॉफ्टवेअरवर खर्च करायची तयारी नाही. एक मित्र गिंप सुचवतो, दुसरा क्रिटा, आणि इंकस्केपचे नावही कानावर येते. चित्रकला मला जेमतेमच येते. यांपैकी काय घ्यावे? आणि कक्षांची नावे मराठीत लिहिता येतील का?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आपण इंकस्केप घ्यावे. गिंप आणि क्रिटा ही दोन्ही उत्तम सॉफ्टवेअर आहेत. परंतु आपल्याला जे करायचे आहे ते चित्रकाराच्या कामापेक्षा नकाशानविसाच्या कामाला जवळचे आहे आणि निवड करताना याच गोष्टीला सर्वाधिक महत्त्व द्यायला हवे. भिंती सरळ हव्यात, चौकोन सारखे हवेत, एक दार शंभर ठिकाणी तसेच्या तसे बसायला हवे आणि खेळाच्या आदल्या रात्री एखादा कक्ष दोन चौकोन पुढे सरकवावासा वाटला तर उरलेला नकाशा न बिघडता तो सरकायला हवा. या चारही गोष्टींसाठी चित्रकला येण्याची गरज नाही, त्यामुळे आपली जेमतेम चित्रकला येथे आड येत नाही.

गिंप आणि क्रिटामध्ये चित्र ठिपक्यांचे म्हणजे पिक्सेलचे बनते, तर इंकस्केपमध्ये प्रत्येक रेषा कोठून कोठे जाते याची नोंद ठेवली जाते. याचा परिणाम आपल्या ४ जीबी रॅमवर कसा होतो ते पाहावे. समजा, आपले यान १० चौकोन रुंद आणि २० चौकोन लांब आहे, भोवती एकेका चौकोनाची मोकळी जागा ठेवली आहे आणि छापताना एक चौकोन एक इंचाचा येणार आहे. इंचाला ३०० ठिपके या नेहमीच्या छपाईच्या मापाने हे चित्र ३६०० बाय ६६०० पिक्सेलचे होते आणि त्याचा एकेक थर स्मृतीत सुमारे ९५ एमबी जागा घेतो. जमीन, भिंती, दारे, सामान, नावे आणि खेळ चालवणाऱ्याच्या गुप्त खुणा असे सहा थर केले की साडेपाचशे एमबीच्या वर गेलेच; शिवाय मागे जाण्यासाठी ठेवलेल्या पायऱ्या वेगळ्या. त्यात ब्राउझर उघडा असेल तर जुना लॅपटॉप नांगी टाकतो. इंकस्केपमध्ये हाच आराखडा साधारणतः १ एमबीच्या आतल्या फाइलीत मावतो, आणि तो ए-४ वर छापा किंवा भिंतीएवढा करा, कडा फाटत नाहीत.

इंकस्केप २००३ साली सोडीपोडी या जुन्या प्रकल्पातून फुटून निघाले, १.० ही आवृत्ती २०२० साली आली आणि एकाच फाइलीत अनेक पाने ठेवण्याची सोय २०२२ सालच्या १.२ आवृत्तीपासून मिळाली. ही शेवटची सोय आपल्याला पुढे लागणार आहे, तेव्हा १.२ किंवा त्यानंतरची आवृत्तीच घ्यावी आणि ती इंकस्केपच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी.

आता प्रत्यक्ष काम. फाइल उघडल्यावर सर्वप्रथम ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन मोजमापाचे एकक इंच करावे, ‘ग्रिड’ या भागात आयताकृती ग्रिड घ्यावी, रेषांतील अंतर अर्धा इंच ठेवावे आणि दर दुसरी रेषा ठळक करावी. अर्धा इंच अशासाठी की दारे, जिने आणि खाटा पूर्ण चौकोनात क्वचितच बसतात. त्यानंतर ‘स्नॅप’ चालू करावे, म्हणजे रेषेचे टोक आपोआप ग्रिडच्या छेदबिंदूला चिकटते. कीबोर्डवरील टक्क्याच्या चिन्हाने ते हवे तेव्हा चालू-बंद करता येते. येथे नवख्यांना हमखास चकवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे पडद्यावर दिसणारी ही ग्रिड केवळ काढणाऱ्याच्या सोयीसाठी असते, ती छापली जात नाही. सोंगट्या हलवण्यासाठी कागदावर चौकोन हवेच असतात, तेव्हा ‘एक्स्टेन्शन्स’ मेनूतील ‘रेंडर’मधून एक खरीखुरी ग्रिड तयार करून ती फिक्या करड्या रंगात वेगळ्या थरावर ठेवावी. दुसरी गोष्ट अशी की, चार इंचांचा कक्ष काढला तरी वरच्या पट्टीत त्याचे माप चार इंचांहून किंचित जास्त दिसते, कारण इंकस्केप रेषेची जाडीही मापात धरते. ‘प्रेफरन्सेस’मधील ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘जिऑमेट्रिक बाउंडिंग बॉक्स’ निवडले की मापे सुतात येतात.

भिंतींसाठी दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची गडद रेषा पुरते. भिंत तोडून दार बसवण्याच्या भानगडीत पडू नये. भिंतीवर फिकट रंगाचा छोटा आयत ठेवला की दार झाले. हे दार एकदाच काढावे आणि पुढची सगळी दारे त्याच्या ‘क्लोन’ म्हणून, ऑल्ट आणि डी ही बटणे दाबून करावीत. उद्या खेळाडूंनी ‘दारे भिंतीतून उठून दिसत नाहीत’ अशी तक्रार केली तर मूळ दाराचा रंग बदलायचा, की यानभरची दारे एकदम बदलतात.

क्लोनचा याहूनही मोठा उपयोग यानाच्या एकंदर आकारासाठी होतो. बहुतेक कल्पित यानांची डावी आणि उजवी बाजू सारखीच असते. हा यान बांधणाऱ्यांचा आळस आपल्या चांगलाच पथ्यावर पडतो. यानाचा फक्त डावा अर्धा भाग काढून त्याचा गट करावा, त्या गटाची क्लोन काढावी, एच हे बटण दाबून ती आडवी उलटवावी आणि मधल्या रेषेला भिडवावी. यापुढे डाव्या बाजूला जो बदल कराल तो उजव्या बाजूला आरशातल्याप्रमाणे आपोआप उमटेल. नियंत्रण कक्ष, मालवाहू दरवाजा यांसारख्या मध्यावरच्या किंवा एकाच बाजूच्या गोष्टी मात्र या गटाबाहेर, वरच्या थरावर ठेवाव्यात. नाहीतर यानाला दोन कप्तानांच्या खुर्च्या आल्या म्हणून समजा.

यान दुमजली-तिमजली असेल तर प्रत्येक डेकला म्हणजे मजल्याला स्वतंत्र थर द्यावा आणि वरचा डेक काढताना खालच्या डेकची पारदर्शकता वाढवून तो पुसट दिसेल असा ठेवावा. लिफ्टचा किंवा शिडीचा खड्डा दोन्ही मजल्यांवर एकाच जागी येतो की नाही हे त्यामुळे नजरेसमोर राहते. ग्राफ पेपरवर हीच चूक सर्वाधिक होते आणि नेमकी पाठलाग चालू असताना कोणाच्या तरी लक्षात येते.

मापाविषयी थोडे लिहितो, कारण सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी चुकीच्या मापाने काढलेला आराखडा खेळात अडतो. आपण कोणता खेळ खेळता ते पत्रात नाही; परंतु या प्रकारातील सर्वांत जुन्या खेळांपैकी एक असलेल्या, १९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये डेकवरील एक चौकोन दीड मीटरचा धरतात आणि यानाचे आकारमान ‘टनां’त मोजतात. हा टन वजनाचा नसून एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा व्यापतो तेवढ्या जागेचा, म्हणजे अंदाजे १४ घनमीटरचा आहे. मजल्याची उंची तीन मीटर धरली तर दीड मीटरचे दोन चौकोन मिळून साडेतेरा घनमीटर होतात, म्हणून दोन चौकोनांना एक टन हा सोपा हिशेब रूढ झाला. १०० टनांच्या छोट्या यानाला त्यामुळे सुमारे २०० चौकोन मिळतात आणि आपण वर घेतलेले १० बाय २०चे उदाहरण नेमके तेवढेच आहे. अर्थात त्यातला बराच भाग इंधनाच्या टाक्या आणि यंत्रे खातात. प्रवाशाच्या खोलीला नियमाप्रमाणे चार टन म्हणजे आठ चौकोन मिळतात, त्यातील काही हिस्सा बोळ आणि सामायिक जागेसाठी काढून ठेवायचा असतो. मुंबईकराला हे माप समजायला जड जाऊ नये : दीड मीटर म्हणजे जवळजवळ पाच फूट, तेव्हा आपली दहा बाय दहाची खोली म्हणजे बरोबर चार चौकोन. एवढ्या जागेत काय काय मावते हे ज्याने पाहिले आहे त्याला यानातील खोली कशी लावावी हे वेगळे शिकवावे लागत नाही.

छपाईचे गणित इंचाच्या चौकोनामुळे सोपे होते. घरच्या प्रिंटरवर ए-४ कागदाच्या चारही कडांना थोडी जागा कोरी सुटते, त्यामुळे एका पानावर आडवे सात आणि उभे अकरा चौकोन बसतात; आठवा चौकोन बसवायला जाल तर कडेला तीन-साडेतीन मिलिमीटरच उरतात आणि बरेच प्रिंटर तेथे छापत नाहीत. म्हणून इंकस्केपमध्ये १७७.८ बाय २७९.४ मिलिमीटरची चार पाने एकमेकांना लागून यानावर मांडावीत, सगळी एकाच पीडीएफमध्ये काढावीत आणि छापताना ‘फिट टू पेज’ न निवडता प्रत्यक्ष आकार म्हणजे १०० टक्के हा पर्याय निवडावा. पहिले पान निघताच पट्टी लावून एक चौकोन २५.४ मिलिमीटर भरतो का ते बघावे, मगच बाकीची पाने सोडावीत. जोडकाम नको असेल तर हे यान एका ए-२ कागदावर आरामात मावते. वास्तुविशारदांचे नकाशे प्लॉटरवर काढून देणारी दुकाने फोर्टमध्ये आहेत आणि उपनगरांतही सापडतात. त्यांना पीडीएफ दिली की पुरते. पावसाळ्यात साधा कागद सर्द होऊन टेबलावर फुगतो, तेव्हा जो नकाशा वारंवार वापरायचा आहे तो लॅमिनेट करून घ्यावा. त्यावर व्हाइटबोर्डच्या पेनाने गोळीबाराच्या खुणा करून पुसताही येतात.

पुण्याच्या मित्रासाठी त्याच फाइलीतून पीएनजी चित्र काढावे. आपला चौकोन एक इंचाचा असल्याने ‘इंचाला किती ठिपके’ हा आकडाच ‘चौकोनाला किती ठिपके’ असा होतो. रोल-ट्वेंटी या ऑनलाइन टेबलावर एक चौकोन मुळात ७० पिक्सेलचा असतो, तेव्हा तेथे ७० किंवा अधिक ठसठशीत चित्रासाठी १४० टाकावे. फाउंड्री या तशाच दुसऱ्या साधनात सुरुवातीचे माप १०० आहे, तेथे १०० टाकावे. चित्र काढण्यापूर्वी गुप्त खुणांचा थर डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून लपवायला विसरू नये.

मराठी नावांची काळजी नसावी. इंकस्केप युनिकोड देवनागरी व्यवस्थित दाखवते, जोडाक्षरे मोडत नाहीत. मात्र डीटीपीवाल्यांकडे अजूनही चालणारे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट येथे वापरू नयेत. कक्षांच्या नावांसाठी मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मला सर्वांत योग्य वाटतो. त्याचे अनेक वजनांचे प्रकार मिळतात, त्यामुळे ‘यंत्रकक्ष’ ठळक आणि ‘साठवण’ बारीक असे सहज करता येते, आणि लहान आकारातही अक्षर भरत नाही. जुन्या पोथीसारखे वळण हवे असेल, उदाहरणार्थ एखाद्या परग्रहावरील मठ-यानासाठी, तर आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ पाहावा. दोन्ही मोफत आहेत. दुकानात फाइल देण्यापूर्वी पीडीएफ काढताना ‘मजकुराचे पाथमध्ये रूपांतर’ हा पर्याय निवडावा, म्हणजे अक्षरांच्या रेषाकृती बनतात आणि त्यांच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी अडत नाही. मूळ फाइल मात्र तशीच जपून ठेवावी, कारण रूपांतर झालेला मजकूर पुन्हा टंकून दुरुस्त करता येत नाही.

गिंप आणि क्रिटा यांना मी पूर्ण बाद करत नाही. यानाच्या पत्र्यावरचा गंज, स्फोटाचे काळे डाग, बाहेरचे तारांगण अशी सजावट इंकस्केपमध्ये करणे कष्टाचे आहे आणि त्यातील धूसर करणारे फिल्टर जुन्या लॅपटॉपला जेरीस आणतात. अशा वेळी तयार पीएनजी क्रिटात उघडून वरून ब्रश फिरवावा. क्रिटा त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. स्टीमसारख्या दुकानांवर तेच विकत दिसते, तो प्रकल्पाला मदत करण्याचा मार्ग आहे. ॲफिनिटी हे व्यावसायिक दर्जाचे सॉफ्टवेअर कॅनव्हा कंपनीने ऑक्टोबर २०२५ पासून मोफत केले आहे आणि ते चांगले आहे. परंतु त्यासाठी खाते उघडावे लागते आणि मोफत ठेवण्याचा निर्णय सर्वस्वी कंपनीच्या हाती राहतो. वर्षानुवर्षे साठत जाणारा नकाशांचा संग्रह मी तरी इंकस्केपच्या एसव्हीजी या खुल्या स्वरूपातच ठेवीन.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात इंकस्केपचे पाठ मराठी आवाजात मोफत आहेत. काही पाठ जुन्या आवृत्तीवरचे असल्याने मेनूंच्या जागा थोड्या वेगळ्या दिसतील, कृती त्याच आहेत.

प्रश्न : मी वास्तुविशारदांकडे ड्राफ्ट्समन म्हणून काम केले असून ऑटोकॅडचा हात बसलेला आहे. मुलाला त्याच्या खेळासाठी यानांचे आराखडे काढून द्यायचे आहेत. माउसने रेषा ओढणे मला जमत नाही, कमांड टंकायची सवय आहे. लिबरकॅड चालेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : चालेल, आणि आपल्यासारख्याला ते इंकस्केपपेक्षा लवकर हाताळता येईल. लिबरकॅड हे क्यूकॅडच्या मुक्त आवृत्तीतून तयार झालेले द्विमितीय कॅड आहे; ऑफसेट, ट्रिम, मिरर या ओळखीच्या कृती त्यात आहेत आणि कमांड टंकण्याची सोयही आहे. काम डीएक्सएफ स्वरूपात जतन करावे, कारण ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलींच्या बाबतीत त्याच्यावर विसंबता येत नाही. मुलाच्या दृष्टीने त्यात एकच उणीव आहे : रंग भरण्याच्या बाबतीत ते कोरडे आहे. भिंती आणि दारे तेथे काढून डीएक्सएफ इंकस्केपमध्ये आणावी व रंग, नावे आणि सामान तेथे चढवावे, हा मार्ग मला योग्य वाटतो. आणताना प्रमाण तपासून घ्यावे. ज्ञात लांबीची एक रेषा मोजली की पुरे. आलेल्या रेषा बहुधा सुट्या तुकड्यांत असतात, त्या जोडत बसण्यापेक्षा खालच्या थरावर जमिनीचा वेगळा रंगीत आयत काढणे सोपे पडते.

पाच फुटांचा चौकोन एक इंचाचा केला की प्रमाण १:६० होते, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षात आठवीच्या मुलांकडून अवकाशस्थानकाचे नकाशे काढून घेऊन त्यांवर एक खेळ घ्यायचा आहे. नवीन सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही आणि तास पस्तीस मिनिटांचा असतो.
— एक शिक्षिका, परळ

उत्तर : संगणकांवर लिबरऑफिस असेल तर त्यातील ‘ड्रॉ’ वापरावे. ग्रिड, ग्रिडला चिकटणे आणि थर या तिन्ही सोयी त्यात आहेत आणि लिबरऑफिसचे मेनू मराठीतही करता येतात. ते नसेल तर ‘डंजन स्क्रॉल’ हे ब्राउझरमध्ये चालणारे साधन पाहावे. त्यात एकमेकांवर येणारे आयत ओढले की मधल्या भिंती आपोआप नाहीशा होऊन कक्ष जोडले जातात, त्यामुळे पस्तीस मिनिटांत मुलांच्या हाती काहीतरी पडते. ते मुळात तळघरे आणि गुहांसाठी बनवलेले आहे, पण गुहेच्या खडबडीत कडा न घेता सरळ रेषा घेतल्या की स्थानक शोभते. तास संपण्यापूर्वी प्रत्येक गटाकडून फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. ब्राउझरमध्ये राहिलेल्या कामाचा भरवसा धरू नये.

प्रश्न : मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढलेले नकाशे मी विकू शकतो का?
— एक वाचक, वसई

उत्तर : विकू शकता. इंकस्केप, गिंप आणि क्रिटा यांचा जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना त्या सॉफ्टवेअरला लागू होतो, आपण त्यात काढलेल्या चित्राला नाही. अडचण येते ती आयत्या घेतलेल्या चिन्हांमुळे. खाट, संगणक, अणुभट्टी यांची चिन्हे इंटरनेटवरून घेताना प्रत्येकाचा परवाना पाहावा (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, हे खुले परवाने आहेत) : ‘सीसी झीरो’ असेल तर काहीच अट नाही, ‘सीसी बाय’ असेल तर निर्मात्याचे नाव द्यावे लागते, आणि गेम-आयकॉन्स या संग्रहातील बहुतेक चिन्हे याच प्रकारात येतात, ‘सीसी बाय-एसए’ असेल तर त्यावरून केलेला आपला नकाशाही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि ‘एनसी’ ही अक्षरे दिसली तर विक्रीच्या कामासाठी ते चिन्ह सोडून द्यावे. नावाची नोंद नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात केली तरी चालते. खेळाच्या कंपनीचे नाव किंवा बोधचिन्ह मुखपृष्ठावर टाकण्यापूर्वी मात्र त्या कंपनीच्या अटी वाचाव्यात, कारण तो प्रश्न चित्राच्या परवान्याचा नसून व्यापारचिन्हाचा असतो.